टॉवर आणि पायलट: सांगितलं एक, ऐकलं भलतंच

भरारी५९
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलमधून रिटायर होऊन आता सहा वर्षं झाली. हा धागा काढायचं कारण माझा भाचा. तो पायलट व्हायचं शिक्षण घेतोय, आरटीआरच्या (विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याच्या) ओरलची तयारी चाललीये, परवा घरी जेवायला आला होता तेव्हा म्हणाला, "मामा, टॉवरनं सांगितलेलं सगळं पोपटासारखं परत म्हणून दाखवायचं कशाला? मला पहिल्यांदाच कळलेलं असतं की."

मला जेवताना बोलायला सुचलं नाही नीट, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. कारण माझ्या सगळ्या नोकरीचा गाभा त्या पोपटपंचीत होता. आम्ही त्याला रीडबॅक म्हणतो. पायलटनं परत म्हणायचं आणि कंट्रोलरनं ते कान देऊन ऐकायचं, चुकलं असेल तर तिथल्या तिथे पकडायचं. यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे ऐकणं, हा जास्त अवघड आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

तेनेरीफचं बहुतेकांनी ऐकलं असेल, तरी सांगतो. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटं. ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून सगळी मोठी विमानं शेजारच्या तेनेरीफ बेटावरच्या लॉस रोदेओस नावाच्या छोट्या विमानतळावर पाठवली. तिथे एकच रनवे, जागा इतकी कमी की टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेपर्यंत जायच्या वाटेवर, विमानं उभी करून ठेवलेली, त्यामुळे निघणाऱ्या विमानांना रनवेवरूनच उलटं चालत टोकाला जायचं. वर डोंगरातलं धुकं, टॉवरला रनवे दिसत नाही, विमानांना एकमेकं दिसत नाहीत, जमिनीवरचं रडार नाही. केएलएमचं ७४७ टोकाला जाऊन वळून उभं. पॅन अॅमचं ७४७ त्याच रनवेवरून त्याच्या मागोमाग येतंय.

केएलएमच्या को-पायलटनं रूटचा क्लिअरन्स (कुठल्या मार्गानं जायचं त्याची मंजुरी, उडायची परवानगी नव्हे) परत म्हणून दाखवला आणि शेवटी जोडलं, "वी आर नाऊ अॅट टेकऑफ". तोवर कॅप्टननं थ्रॉटल पुढे केलेला होता. टॉवरला वाटलं हे टेकऑफच्या जागी उभे आहेत. टॉवर म्हणाला, "ओके". मग जरा थांबून, "टेकऑफसाठी थांबा, मी बोलावतो." आणि नेमकं त्याच क्षणी पॅन अॅमनं सांगितलं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोघं एकदम बोलले, त्यामुळे केएलएमच्या कॉकपिटात "ओके" तेवढं स्वच्छ ऐकू आलं आणि पुढे तीन-चार सेकंद नुसती कर्कश शिट्टी.

५८३ माणसं गेली.

त्या रूटच्या क्लिअरन्समध्येसुद्धा "टेकऑफनंतर अमुक करा" असा शब्द होता. म्हणजे ज्याला निघायची घाई आहे त्याच्या कानावर टेकऑफ शब्द पडला आणि पाठोपाठ ओके पडलं. त्यानंतर जगभर नियम झाला की टेकऑफ हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी सगळीकडे "डिपार्चर". मी इतकी वर्षं टॉवरमध्ये बसलो, हा शब्द सहज म्हणून एकदाही तोंडातून काढला नाही, आणि अजूनही घरात टीव्हीवर कुणी म्हटलं की कान टवकारतात.

तर भाच्याला मी काय सांगायला पाहिजे होतं, आणि तुमच्यापैकी कुणाचा या प्रकाराशी संबंध आला असेल तर ऐकायला आवडेल.

---

परखड
सोमवार, रात्री १०:१५

चांगलं लिहिलंय पण मला एक कळत नाही, तेनेरीफमध्ये परवानगी नसताना कॅप्टन निघाला. मग हे मिसकम्युनिकेशन कसं? ही सरळ सरळ पायलटची चूक आहे. प्रत्येक ठिकाणी भाषेवर, रेडिओवर ढकललं की ज्याची चूक त्याची जबाबदारी जाते.

---

भरारी५९
सोमवार, रात्री १०:५०

परखड, परवानगी नव्हती हे खरं आहे आणि स्पॅनिश चौकशीनं मूळ कारण तेच धरलं. मी जबाबदारी पुसत नाहीये. पण बघा, तो कॅप्टन केएलएमचा ७४७चा मुख्य ट्रेनर होता, कंपनीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो होता. असा माणूस परवानगीशिवाय जाणूनबुजून निघेल का? त्याला मनापासून वाटलं की मिळाली. तसं का वाटलं हे शोधलं नाही तर पुढच्या माणसालाही तसंच वाटणार.

आणि कॉकपिटातल्या संवादाबद्दल तर मी लिहिलंच नाही. विमान पळायला लागल्यावर फ्लाइट इंजिनियरनं पॅन अॅमचं बोलणं ऐकून विचारलं होतं, "तो पॅन अॅम अजून बाजूला झाला नाहीये का?" कॅप्टन ठासून म्हणाला, झालाय की. विषय तिथेच संपला. टॉवर-पायलट गोंधळ म्हणतो तेव्हा त्यात हे पण धरायला हवं. रेडिओवर आलेलं वाक्य शेवटी कॉकपिटात दोन-तीन माणसांच्या कानावर पडतं, त्यातल्या एकाला शंका आली आणि ती मोठ्यानं, परत परत बोलायची सोय नसेल तर ती शंका काय कामाची.

---

आम्स्टेलची_मुक्ता
मंगळवार, पहाटे ३:२०

मी नेदरलँड्समध्ये राहते, इथे अजूनही या अपघाताबद्दल बोलताना लोक गंभीर होतात. "अॅट टेकऑफ" बद्दल एक भाषेची गंमत नव्हे, भाषेचं दुखणं सांगते. डचमध्ये एखादी क्रिया चालू आहे असं सांगायचं तर "आन हेत" आणि मग क्रियापद लावतात. "आम्ही उड्डाण करतोय" हे सांगताना डच माणसाच्या डोक्यात जी रचना तयार होते तिचं शब्दशः इंग्रजी केलं की "अॅट" येतो. म्हणजे त्या को-पायलटला बहुतेक "निघालोय" असंच म्हणायचं होतं, आणि स्पॅनिश कंट्रोलरला ते "उभे आहोत" असं पोचलं. भाषेच्या अभ्यासकांनी हे मांडलंय, अर्थात त्या माणसाच्या मनात काय होतं हे विचारायला तो उरला नाही.

मी स्वतः डच शिकताना उलट्या बाजूनं हेच भोगलंय. घाईत किंवा टेन्शनमध्ये असले की माझ्या डच वाक्यांचा सांगाडा मराठी होतो. शब्द सगळे बरोबर, समोरच्याला अर्थ भलताच. शांतपणे बोलताना असं होत नाही.

---

भुसावळ_जंक्शन
मंगळवार, सकाळी ७:०५

भरारी साहेब, धागा वाचून राहवलं नाही. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, ३३ वर्षं. तुमचं रीडबॅक म्हणजे आमचा प्रायव्हेट नंबर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. शेजारच्या स्टेशनकडून गाडीसाठी लाइन क्लिअर (गाडी पुढे पाठवायची परवानगी) घेताना नुसतं "हो, पाठव" चालत नाही. पलीकडचा मास्तर त्याच्याकडच्या छापील शीटवरचा एक नंबर देतो, तो नंबर मी फोनवर परत म्हणायचा, रजिस्टरला गाडी नंबर आणि वेळेसोबत लिहायचा, आणि तो नंबर त्यानं शीटवर काट मारून टाकायचा, पुन्हा वापरायचा नाही. आता याच्यात काय खुबी आहे बघा, नंबरला स्वतःचा काही अर्थ नाही. त्यामुळे अंदाजानं तो कुणाला सांगताच येत नाही. "हो" अंदाजानं ऐकू येतं. सत्त्याऐंशी अंदाजानं ऐकू येत नाही.

नवीन मुलं आली की त्यांनाही हे कंटाळवाणं वाटायचं. समोरचा मास्तर वीस वर्षांचा दोस्त, रोज रात्री बोलतो, गाडीही तीच, टाइमही तोच. मग कशाला नंबर? मी म्हणायचो, दोस्त आहे म्हणूनच. ओळखीच्या माणसाचं आपण अर्धंच ऐकतो.

---

सिस्टर_मीनल
मंगळवार, सकाळी ११:३०

भुसावळ काका, शेवटचं वाक्य किती खरं आहे.

मी आयसीयूत नर्स आहे. रात्री डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात तेव्हा आम्ही लिहून घेतो आणि वाचून दाखवतो, मगच औषध. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" हा आमचा सगळ्यात मोठा शत्रू, म्हणून आम्ही "वन फाइव्ह" असं सुटं सुटं म्हणतो. एका ठिकाणी काम करत असताना (नाव नको) एक सीनियर डॉक्टर वाचून दाखवायला लागलं की मध्येच "हां हां कळलं ना" म्हणून फोन ठेवायचे. एकदा असंच झालं आणि मी परत फोन केला, ते रागावले, आणि डोस खरंच मी चुकीचा लिहिलेला होता. इन्शुलिन होतं. त्या दिवसापासून मला कुणी रागावलं तरी चालतं.

एक विचारायचं होतं, विमानात पण आकडे असेच सुटे बोलतात ना?

---

भरारी५९
मंगळवार, दुपारी १:१०

मीनलताई, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. हो, सुटेच. आणि उच्चार पण ठरलेले. नाइनला "नायनर", कारण नाइन आणि फाइव्ह खरखरीत रेडिओवर सारखे ऐकू येतात, म्हणून फाइव्हला "फाइफ". थ्रीला "ट्री".

सुटे बोलूनही घात होतो त्याचं उदाहरण देतो. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूरचा त्या वेळचा सुबांग विमानतळ, फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू ७४७ पहाटे उतरत होतं. कंट्रोलरनं सांगितलं "डिसेंड टू फोर झीरो झीरो". त्याला म्हणायचं होतं दोन हजार चारशे फूट. क्रूनं ऐकलं "टू" म्हणजे "पर्यंत", आणि उत्तर दिलं, "ओके, फोर झीरो झीरो". चारशे फूट! समोर टेकडी. चौघेही गेले. जमीन जवळ आल्याचा इशारा कॉकपिटात वाजत होता तरी विमान उतरत राहिलं.

आता या एका वाक्यात किती गोष्टी आहेत बघा. "टू" हा शब्द आकडा पण आणि अव्यय पण. "अल्टिट्यूड" किंवा "थाउजंड" असा एकही शब्द नाही ज्यानं गोंधळ मोडला असता. आणि क्रूनं चुकीचं परत म्हणून दाखवलं, चांगलं स्पष्ट म्हणून दाखवलं, ते कंट्रोलरनं पकडलं नाही. पोपटपंची झाली, पण ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही. तो अर्धा भाग मी म्हणत होतो तो हा. आपण काय सांगितलं ते डोक्यात ताजं असतं, त्यामुळे समोरून तेच परत येतंय असं कान समजून चालतो. मी ट्रेनी मुलांना सांगायचो की रीडबॅक ऐकताना पुढच्या विमानाची स्ट्रिप (माहितीची पट्टी) लिहू नका, हात थांबवा. हात चालू असले की कान बंद होतात.

---

अपर्णा_डोंबिवली
मंगळवार, दुपारी ४:००

आकड्यांवरून आठवलं, आपल्या मराठीत तर अजून कठीण. मी बँकेत होते, फोनवर "साठ" सांगितलं की समोरचा "आठ" लिहायचा, सदतीस-सत्तावीस-सत्तेचाळीस यांनी तर जीव खाल्ला. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" अशी पद्धत दिली होती तेव्हा केवढा गदारोळ झाला, मी पण विरोधात होते. भाषेचं सौंदर्य म्हणून अजूनही माझा सत्तावीसच. पण ओटीपी सांगताना माझी आईसुद्धा सुटे आकडे सांगते, कुणी शिकवलं नाही तिला.

---

लहरी_लांबी
मंगळवार, संध्याकाळी ६:४५

हौशी रेडिओवाला आहे, लायसन्स १९९४ पासून. त्या शिट्टीबद्दल थोडं तांत्रिक.

विमानांचा व्हीएचएफ रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर आणि तोही एएम. लोक विचारतात एवढ्या वर्षांत एफएम का नाही केलं, आवाज किती स्वच्छ येतो. पण एफएमची खोड अशी की दोघं एकदम बोलले तर जोरदार सिग्नल कमजोर सिग्नलला पूर्ण गिळतो, ऐकणाऱ्याला पत्ताच लागत नाही की अजून कुणीतरी बोललं. एएममध्ये निदान शिट्टी येते. म्हणजे ती शिट्टी हा बिघाड नाही, ती माहिती आहे, कुणाचं तरी बोलणं वाया गेलं अशी. तेनेरीफला ती वाजली, पण तिचा अर्थ त्या क्षणी कुणी लावला नाही. नंतर टेपवर अभ्यास झाला तेव्हा दिसलं की त्या दोनपैकी कुठलंही एक वाक्य एकटं आलं असतं तरी केएलएमला थांबायला पुरेसा वेळ होता. मला झोप लागत नाही असल्या गोष्टी वाचून, खरं सांगतो.

आणि पुश टू टॉक. बटण दाबल्यावर अर्धा सेकंद थांबून बोला हे मी नवीन पोरांना कंठशोष करून सांगतो, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि विमानात पहिला शब्द म्हणजे कॉलसाइन, विमानाचं रेडिओवरचं नाव.

---

परखड
मंगळवार, रात्री ८:३०

वाचतोय सगळं. माझा मुद्दा थोडा बदलतो. मग सगळ्यांना चांगलं इंग्रजी यायला हवं एवढाच उपाय आहे का? चरखी दादरीला कझाक पायलटना इंग्रजी येत नव्हतं म्हणून झालं असं तेव्हा पेपरात वाचल्याचं आठवतंय.

---

भरारी५९
मंगळवार, रात्री १०:२०

चरखी दादरीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण ते आपल्या घरातलं दुःख आहे.

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळ. दिल्लीहून सौदियाचं ७४७ निघालं, कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीला येत होतं. तेव्हा दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे, प्रवासी विमानांना जायला-यायला एकच पट्टा. रडार फक्त प्रायमरी, म्हणजे कंट्रोलरला पडद्यावर ठिपका दिसतो, उंची दिसत नाही. उंची पायलट सांगेल ती. सौदियाला १४,००० फुटांपर्यंत चढायला सांगितलेलं, कझाकला १५,००० फुटांवर थांबायला. मध्ये हजार फुटांचं अंतर, नियमाप्रमाणे बरोबर. कंट्रोलरनं कझाक विमानाला सांगितलंही की समोरून सौदियाचं ७४७ येतंय, दिसलं की कळवा. कझाक विमान १५,०००च्या खाली उतरत गेलं. ३४९ माणसं. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतकी माणसं कधीच गेली नाहीत, आधीही आणि नंतरही.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कंट्रोलरची चूक निघाली नाही. इंग्रजी कच्चं होतं हे खरं, पण त्याच्या खाली अजून एक गोष्ट होती. त्या विमानात रेडिओवर बोलायला वेगळा माणूस होता, रेडिओ ऑपरेटर. टॉवरचं इंग्रजी त्याला कळायचं, पण त्याच्या पुढ्यात उंचीचं यंत्र नव्हतं, पायलटच्या खांद्यावरून वाकून बघायला लागायचं. आणि विमान ज्याच्या हातात त्याला इंग्रजी नीट कळत नव्हतं. मेट्रिक देशातून आलेले, त्यांना मीटरची सवय, इथे फूट. म्हणजे ऐकणारा वेगळा, चालवणारा वेगळा, मध्ये घाईघाईतलं भाषांतर. शेवटच्या क्षणी रेडिओ ऑपरेटरच्या लक्षात आलं होतं, तो ओरडला पण होता.

त्यानंतर आपल्याकडे जायचे-यायचे रस्ते वेगळे झाले, उंचीही दाखवणारं सेकंडरी रडार आलं, टीकॅस (टक्कर होण्याआधी पायलटला इशारा देणारं यंत्र) सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण माणसं गेल्यावर.

इंग्रजीचं म्हणाल तर आयकाओ या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेनं २००८ पासून परीक्षा लावली, एक ते सहा लेव्हल, आंतरराष्ट्रीय उड्डाणाला किमान चौथी लागते. परीक्षा हवीच. पण माझं मत असं की फर्ड्या इंग्रजीनंही माणसं मेलीत. फर्डा माणूस जास्त बोलतो, नम्रपणे बोलतो, गोल गोल बोलतो. उद्या लिहितो, आज डोळे दुखताहेत.

---

लोहगाव_निवासी
बुधवार, सकाळी ९:१५

हवाई दलातून निवृत्त. पुण्याचा टॉवर हवाई दलाचा आहे हे बऱ्याच पुणेकरांनाही माहीत नसतं, तसाच गोव्याला दाबोळीचा नौदलाचा. लढाऊ आणि प्रवासी विमानं एकाच रनवेवर. लढाऊ विमान यूएचएफवर आणि प्रवासी विमान व्हीएचएफवर असेल तर दोघं एकमेकांचं ऐकू शकत नाहीत, दोघांना ऐकणारा फक्त कंट्रोलर. सगळे एका फ्रिक्वेन्सीवर असले की बाकीचे पायलट पण पहारा देतात, कुणी चुकीच्या रनवेवर उतरतोय असं वाटलं तर तिसराच बोलतो.

भाषेचंही तसंच. २५ मे २०००, पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ. टॉवरनं फ्रेंच विमानाला फ्रेंचमध्ये टेकऑफची परवानगी दिली आणि ब्रिटिश मालवाहू विमानाला इंग्रजीत रनवेवर यायला सांगितलं, कारण ते मागे टोकाला आहे असा टॉवरचा समज, प्रत्यक्षात ते मधल्या टॅक्सीवेवर. फ्रेंच कळत असतं तर ब्रिटिश क्रूला उमगलं असतं की समोरून एक विमान सुटलंय. ब्रिटिश को-पायलट गेला. आपापल्या भाषेचा अभिमान मलाही आहे, पण रेडिओवर सगळ्यांना कळेल अशी एकच भाषा असावी या मताचा मी आहे.

---

आम्स्टेलची_मुक्ता
बुधवार, दुपारी २:४०

लोहगाव, मान्य, पण दुसरी बाजू पण आहे. संकटात माणूस मातृभाषेत नेमकं बोलतो. कोलंबियात १९९५ साली काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं विमान डोंगरावर आदळलं, १५९ माणसं गेली. कंट्रोलरनं नंतर चौकशीत सांगितलं की पायलट स्पॅनिश बोलणारे असते तर मी त्यांना म्हटलं असतं, तुम्ही जे मागताय त्याला काही अर्थ लागत नाहीये, जरा तपशील सांगा. इंग्रजीत एवढं बोलायची त्याची तयारी नव्हती. ठरलेली वाक्यं येत होती, शंका काढायची भाषा येत नव्हती.

---

भरारी५९
बुधवार, रात्री ९:३०

मुक्ता, "शंका काढायची भाषा" हे फार मोलाचं बोललात. काल अर्धं राहिलेलं तेच आहे.

२५ जानेवारी १९९०, कोलंबियाच्या आवियांका कंपनीची फ्लाइट ५२, बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्क. हवा खराब, केनेडी विमानतळावर रांग, या विमानाला तीन वेळा मिळून तास-सव्वातास घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपत आलं. को-पायलटनं "प्रायॉरिटी" मागितली. त्याला वाटलं आपण संकट सांगितलं. टॉवरला वाटलं घाई आहे. ठरलेला शब्द आहे "इमर्जन्सी" किंवा "मेडे", तो एकदाही रेडिओवर गेला नाही. उतरायचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा कॅप्टन को-पायलटला सांगतोय की आपण इमर्जन्सीत आहोत असं कळव, आणि को-पायलटनं टॉवरला काय म्हटलं? टॉवरनं दिलेली उंची परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडलं, "...आणि आमचं इंधन संपत आलंय, सर." म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट रीडबॅकच्या शेपटीला. कंट्रोलर म्हणाला ओके. मग पंधरा मैल लांब नेऊन परत वळवतो, इंधनाच्या दृष्टीनं चालेल ना, असं विचारलं. उत्तर आलं, "बहुतेक चालेल, थँक्यू व्हेरी मच."

थोड्या वेळानं चारही इंजिनं बंद. लाँग आयलंडवर पडलं, १५८ पैकी ७३ गेले. आग लागली नाही कारण जळायला काही उरलंच नव्हतं.

त्या को-पायलटला इंग्रजी येत होतं हो. पण न्यूयॉर्कचे कंट्रोलर भराभर, ठसक्यात बोलणारे, आणि हा परक्या देशात, अदबीनं वागणारा तरुण. आपल्याकडे पण बघा, आपण मोठ्या माणसाला नाही म्हणत नाही, "बघतो", "करू या", "चालेल की" म्हणतो. फोनवर हो हो म्हणतो त्याचा अर्थ "ऐकतोय" असतो, समोरचा समजतो कबूल केलं. रेडिओवरचा "रॉजर" तसाच. रॉजर म्हणजे ऐकलं, एवढंच. हो नाही, करतो नाही. करतोसाठी "विल्को" वेगळा आहे, होसाठी "अफर्म" वेगळा. रीडबॅकच्या जागी कुणी नुसतं रॉजर म्हटलं की मी परत विचारायचो, मग तो कितीही मोठा कॅप्टन असो.

---

बारामती_कॅडेट
बुधवार, रात्री ११:०५

सर, मी तुमचा भाचा नाही पण त्याच बोटीतला 🙂 माझी पण ओरल आहे. हा धागा आमच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी वाचला.

एक सांगतो. माझ्या सोलोच्या पाचव्या-सहाव्या उड्डाणाला टॉवरनं "होल्ड शॉर्ट" म्हणून सांगितलं, म्हणजे रनवेच्या अलीकडे थांब. मी सकाळपासून तेच सर्किट मारत होतो आणि दर वेळी तिथे "लाइन अप" (रनवेवर येऊन उभा राहा) मिळत होतं, तर मी रीडबॅकमध्ये पूर्ण आत्मविश्वासानं लाइन अप म्हणालो. तसंच ऐकलं होतं मी, शप्पथ. टॉवरवाल्या मॅडम लगेच म्हणाल्या, निगेटिव्ह, होल्ड शॉर्ट, आणि ते परत म्हणायला लावलं. तेवढ्यात दुसरं एक विमान माझ्या डोळ्यासमोर उतरलं. मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो, पाय थरथरत होता.

जपानला हानेडा विमानतळावर २ जानेवारी २०२४ ला झालं ते पण असंच वाटतं मला. कोस्ट गार्डच्या विमानाला "नंबर वन, होल्डिंग पॉइंटपर्यंत या" असं सांगितलं होतं, रीडबॅक पण बरोबर दिलं, पण भूकंपाची मदत घेऊन जायची घाई आणि नंबर वन शब्द, कॅप्टनला वाटलं रनवेवर जायची परवानगी. चाळीसेक सेकंद विमान रनवेवर उभं होतं. मागून एअरबस ३५० उतरलं. त्यातले ३७९ च्या ३७९ वाचले, कोस्ट गार्डचे पाच गेले. रीडबॅक बरोबर असूनही झालं, हे वाचून मी जास्त घाबरलो.

सर, प्रश्न असा की परत परत "से अगेन" म्हटलं तर टॉवरवाले चिडतात का? आमच्यातले बरेच जण त्या भीतीनं अंदाजानं रीडबॅक देतात.

---

भुसावळ_जंक्शन
गुरुवार, सकाळी ६:५०

बाळा, त्या मॅडमना जाऊन भेटून ये एकदा. पेढे घेऊन जा.

---

भरारी५९
गुरुवार, सकाळी ८:२५

कॅडेट, खरं उत्तर देतो. चिडतात कधी कधी. मी पण चिडलोय.

बरीच वर्षं झाली, एका विमानतळावर रात्रपाळी, पावसाळा, ढगांमुळे सगळी विमानं इकडून तिकडे वळवणं चाललेलं. एकाच कंपनीची दोन विमानं फ्रिक्वेन्सीवर, कॉलसाइनचे शेवटचे दोन आकडे उलटसुलट. त्यातल्या एकाला मी खाली उतरायला सांगितलं. तो म्हणाला, से अगेन. मी परत सांगितलं. तो म्हणाला, से अगेन, कन्फर्म फॉर अस? मी आवाज चढवून, एकेक शब्द तोडून सांगितलं, जसं बहिऱ्याला सांगतात तसं. तो तिसऱ्यांदा अगदी शांतपणे म्हणाला, सर, प्लीज कन्फर्म कॉलसाइन.

मी स्ट्रिपकडे बघितलं. मी ज्याला उतरवत होतो तो हा नव्हताच. तो जिथे होता त्याच्या खाली हजार फुटांवर तिसरंच विमान होतं, आणि माझा आवाज ऐकून त्यानं मुकाट्यानं उंची सोडली असती तर मी सांगितलेलंच बरोबर परत म्हणून दाखवत तो खाली आला असता, मी पण मान डोलावली असती.

काही झालं नाही. दोन वाक्यांत निस्तरलं. ड्यूटी सुटल्यावर मी ते लेखी कळवलं, आणि पहाटे त्या कंपनीच्या ऑफिसला फोन लावून त्या कॅप्टनसाठी निरोप ठेवला, थँक्यू म्हणून. त्याचं नाव मला आजही पाठ आहे, चेहरा कधी बघितला नाही.

भाच्याला कधी सांगितलं नव्हतं हे. आज हा धागाच पाठवतो.

---

बारामती_कॅडेट
गुरुवार, सकाळी ८:४०

वाचलं सर. ओरल उद्या साडेनऊला आहे. आल्यावर इथेच लिहितो.